आधी डोळे, मग पैसे

"माझो पाट खंय आसा? तो परत न्हेऊक इलंय मी."

जनार्दन परब दारात उभा राहून हे म्हणाला आणि शाळेतल्या सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. शाळा म्हणजे गणपतीची शाळा. कुडाळपासून बरंच आत, आंबेखोल नावाच्या गावात दाजी मेस्त्री मातीच्या मूर्ती करायचे. श्रावण अर्धाअधिक सरला होता. लांबलचक पडवीत गणपती हारीने बसले होते, काही रंगाचा पहिला हात दिलेले, काही अजून मातकट, आणि एकालाही डोळे नव्हते. मी आदल्या संध्याकाळी पुण्याहून आले होते आणि सकाळपासून चहाचा कप हातात धरून त्या रांगेसमोर बसले होते. मी काही फारशी देवभोळी नाही. पण इतके सगळे चेहरे आपल्याकडे न बघता बसलेले असले की बोलणं आपोआप हळू होतं.

तळकोकणात या शाळांतून गणपती आणायची एक रीत आहे. घरचा लाकडी पाट शाळेत नेऊन द्यायचा, मूर्तिकार त्याच पाटावर मूर्ती घडवतो आणि चतुर्थीला ती पाटासकट घरी जाते. दरवर्षी तोच पाट, तीच शाळा. परबांचा पाट दाजींच्या वडिलांच्या काळापासून इथे येत होता. तो परत मागणं म्हणजे भर मांडवातून वऱ्हाड उठवणं.

"बस जनू," दाजी म्हणाले. सत्तरी ओलांडलेला माणूस, कोपरापर्यंत माती. "पाणी पी आदी."

"बसूक नाय इलंय. माझ्या भावाचो महिन्याचो पगार गेलो. तुमच्या शाळेत कार्डाचो नंबर दिल्यान आणि चार दिवसांत खातां रिकामी. कोणीतरी अमेरिकेत बूट घेतल्यान तेच्या पैशान! सुहास शारजात पाव भाजता, दाजीनू. तेच्या पायात चपला आसत."

दाजींनी माझ्या मावशीकडे पाहिलं. हेमामावशी दाजींची थोरली सून. यजमान गेल्यावर शाळा तिनेच सांभाळली. धाकटा दीर मडगावात होता आणि दरवर्षी चतुर्थी झाली की 'शाळा बंद करा, दाजींना मी नेतो' म्हणून मागे लागायचा. मावशी त्याला दरवर्षी एकच उत्तर द्यायची, पाट येतायत तोवर शाळा चालणार. म्हणजे पाट यायचे थांबले तर तिच्यापाशी दुसरं उत्तर नव्हतं.

आता तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"माती बसली त्या पाटार," दाजी म्हणाले. "डोळे नाय तोवर मूर्ती जाग्यावरसून हलयत नाय, ह्यां तुका म्हायत आसा. फुडल्या आयतवारी आखणी करतंय. डोळे झाले काय घेऊन जा."

जनार्दनलाही रीत माहीत होती. त्याने ओठ आवळले. "आयतवारी टेम्पो घेऊन येतंय. रोख पैशे मोजतलंय. मगे तुमचां-आमचां सपला. आणि वाडीत प्रत्येकाक सांगतलंय, दाजींच्या शाळेत नंबर देव नको म्हणान."

तो गेला. मावशी खाली बसली आणि माझ्याशी, आमच्या सांगलीच्या मराठीत, म्हणाली, "सुची, मी चोरी केली नाही गं."

"ते मला कळतं. पण नंबर तू ठेवलेस कुठे?"

मी पैशांच्या ऑनलाइन व्यवहारांच्या कंपनीत काम करायचे. माझं टेबल तक्रारींचं. त्यामुळे माणसं कार्डाचे नंबर कुठे-कुठे ठेवतात हे मी बरंच पाहिलं होतं. डायरीत, फ्रिजच्या दारावर, एका डॉक्टरांनी तर औषधांच्या खोक्यावर. मला वाटलं होतं, मावशी फार तर ईमेल म्हणेल.

"ईमेल मी लगेच पुसून टाकायचे," ती म्हणाली. "ईमेल चोरतात म्हणून पेपरात वाचलं होतं. मी नंबर पाटाखाली लिहिले."

"कशाखाली?"

तिने भिंतीला टेकवलेला एक पाट ओढून माझ्यासमोर धरला. उशिरा आलेला, अजून माती न चढलेला. पाटाच्या खालच्या अंगाला शाळेचं सगळं लिहिलेलं असतं, ही इथली जुनी पद्धत: घराण्याचं नाव, मूर्तीची उंची, सोवळं पिवळं की तांबडं, उंदीर डावीकडे की उजवीकडे. त्याच्याच खाली मावशीच्या वळणदार अक्षरात पेन्सिलीने सोळा आकडे होते. शेजारी कार्ड संपायची तारीख. आणि किंचित बाजूला, विसरायला नको म्हणून चौकटीत, कार्डामागचे ते तीन आकडे.

वर 'श्री' काढला होता.

मला हसू फुटायला हवं होतं, पण माझी नजर बाकीच्या पाटांकडे गेली. पाट भिंतीला उपडे टेकवून ठेवायचे, लिहिलेली बाजू बाहेर, कुणाचा कुठला ते पटकन सापडावं म्हणून. आणि आषाढभर त्या पडवीत अख्ख्या पंचक्रोशीचा राबता होता.

"अगं पण पैसे तेव्हाच का नाही घेतलेस? नंबर ठेवायची वेळच आली नसती."

मावशीने नुसतं दाजींकडे बोट दाखवलं.

"डोळे नाय तोवर ती माती," दाजी मला म्हणाले. मी पाहुणी म्हणून ते जरा सावकाश बोलत. "मातीचे पैशे कसे घेऊचे? सुकताना तडा गेलो, हात गळलो, तर परत करूची लागता. डोळे आखलंय काय मगे तो गणपती. तेच्या आदी रुपयो घेऊचो नाय. माझ्या बापाशीन कदी घेतल्यान नाय."

म्हणजे वैशाखात नोंदवलेल्या मूर्तीचे पैसे भाद्रपदाच्या तोंडावर. गावातली माणसं चतुर्थीला नारळ-विडा ठेवून रोख द्यायची. पण अलीकडे घरोघरची मुलं शारजा, मस्कत, लंडन अशी पांगली होती. चतुर्थीला यायला रजा मिळायची नाही. निदान मूर्तीचे पैसे तरी आपल्या हातचे असावेत असं त्यांना वाटायचं. घरी पाठवलेला पैसा पिठामिठात मिसळून जातो. हा वेगळा, आपल्या खात्यातून थेट गणपतीला. त्यांनी मावशीच्या मागे लकडा लावला. मग तिने कुणाकडून तरी एक वेबपेज करून घेतलं, त्यावर कार्डाचे रकाने ठेवले, आणि आखणी झाली की बँकेच्या मशीनवर आकडे दाबून पैसे घ्यायचे ठरवलं. तिच्या मते ती फार जपून वागली होती. तिने नंबर ठेवायला घरातली सगळ्यात पवित्र जागा निवडली होती.

"सुहासचा नंबर इथूनच गेला का?" तिने विचारलं.

"माहीत नाही. शारजातल्या एखाद्या दुकानातूनही गेला असेल. कधीच कळणार नाही." मी खरं ते सांगितलं. "पण इथून गेला नाही, असं छातीवर हात ठेवून तुला म्हणता येईल का?"

तिला म्हणता येत नव्हतं. तेवढ्यावरच मी तिला फोन हातात घ्यायला लावला.

त्या दुपारी मावशीने एकेका घरच्या माणसाला फोन केला. कार्ड बँकेला सांगून बंद करा, नंबर मी उघड्यावर ठेवला, चूक माझी. सारवासारव नाही, कुणाच्या माथी मारणं नाही. मी शेजारी बसून भिंतीचे पाट मांडीवर घेत होते आणि पॉलिश पेपरने आकडे घासून काढत होते. ज्या पाटांवर मूर्ती चढल्या होत्या त्यांना हात लावता येत नव्हता. ते आकडे गणपतीच्या आसनाखाली तसेच राहिले.

मस्कतहून एक बाई भडाभडा बोलली. लंडनच्या एकाने सगळं ऐकून घेऊन 'दाजी बरे आहेत ना' एवढंच विचारलं. सुहास परबचा फोन शेवटी लागला. मागे पत्र्याचे ट्रे आपटल्याचे आवाज येत होते. मावशीने सगळं सांगितलं. मग म्हणाली, "तुजे पैशे माज्यामुळे गेले आसतीत, सुहास. माका ठावक नाय. पण आसतीत."

पलीकडे बराच वेळ नुसते ट्रे वाजत राहिले.

"बरां," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

मावशीने पदराने तोंड पुसलं. "ह्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवसापासून मी माझं काम धरलं. तिचं जुनं पेज पुसून टाकलं. माझ्या कंपनीकडे शाळेचे कागद पाठवले, साहेबाला दिवसातून तीनदा फोन करून त्याचं डोकं खाल्लं, आणि परदेशी कार्डं घ्यायची परवानगी दोन-तीन दिवसांत पदरात पाडून घेतली. रात्री जेवताना मावशी आणि दाजी दोघांना समोर बसवून मी नवी पद्धत सांगितली. खरं तर मावशीला सांगत होते, पण दाजी भाताचं ताट बाजूला सारून पुढे सरकून बसले.

"आता नंबर तुमच्याकडे येणारच नाही," मी म्हटलं. "सुहास त्याच्या फोनवर आकडे भरेल, ते थेट कंपनीच्या तिजोरीत जातील. वाटेत तुम्हाला दिसणार नाहीत, मलाही नाहीत."

"मगे आमका काय गावतला?" दाजींनी विचारलं.

"एक खूण. लांबलचक अक्षरं-आकडे, काहीही अर्थ नसलेले. डोळे झाले की मावशीने ती खूण दाखवून पैसे मागायचे. कंपनी तिजोरीतलं कार्ड बघून त्याच्या बँकेकडे मागणी करेल. बँकेने हो म्हटलं की पैसे कापले जातील आणि त्याला लगेच मेसेज जाईल."

"खूण कोणी चोरल्यान तर?"

"चोरून करणार काय? ती फक्त या शाळेच्या खात्यातून चालते. दुसऱ्या कुणाच्या हातात ती नुसती अक्षरं."

 दाजींच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं, पार कानापर्यंत.

"म्हणजे पाट!" ते म्हणाले. "आमच्याकडे पाट ठेवतत तसोच. चोरान पाट न्हेलो म्हणून तेका गणपती गावता काय?" आणि मग जरा वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, "ह्यां कोणी शोधल्यान? शाणो माणूस आसतलो."

मी या धंद्यात इतकी वर्षं होते, पण या गोष्टीचं कौतुक कुणी केलेलं ऐकलं नव्हतं. लोक आम्हाला फक्त बिघडलं की फोन करतात. दाजी मात्र मला पुन्हा पुन्हा सांगायला लावत होते. म्हणजे नंबर कोणाकडे नाय? आणि तरी पैसे येतात? एका लहान गोष्टीकडे माणसाने इतक्या आदराने बघावं याचंच मला नवल वाटत राहिलं.

मावशीने नव्या पानावर स्वतःच्या शब्दांत एक ओळ घालायला लावली: 'मूर्तीचे डोळे आखून झाल्यावरच आपले पैसे कापले जातील, आधी नाही.' कार्ड भरणाऱ्याने ती ओळ वाचून संमती द्यायची. मग तिने सगळ्यांना तो दुवा पाठवला आणि आम्ही वाट बघत बसलो.

कोणी भरेना. आठवडा सरत आला तरी लंडनच्या त्या एका माणसाखेरीज कुणाचीही खूण आली नाही. वाडीत जनार्दनने आपला शब्द खरा केला होता. दोन घरची माणसं येऊन 'आमचो पाटय बघून ठेवा, आमीय न्हेतलंव' म्हणून गेली. मडगावहून दिराचा फोन आला, कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. मावशी फोनवर नुसतं "हां, हां" करत होती. तो काय म्हणत असेल ते मला न ऐकताही समजत होतं.

रविवारी सकाळी ती चुलीपाशी असताना तिच्या फोनवर काहीतरी वाजलं. तिने पाहिलं, मग माझ्या हातात दिला. सुहास परबने कार्ड भरलं होतं. नवं कार्ड. सोबत एक शब्दही नाही.

"भरलं त्याने," मावशी म्हणाली. मग तिच्या हातातली पळी तशीच राहिली. "सुची, पगार गेलेल्या माणसाने पुन्हा नंबर दिला. का दिला असेल?"

मी पळी घेतली आणि चुलीवरचं ढवळलं.

जनार्दन टेम्पो घेऊन आला तेव्हा दाजी आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून परबांच्या मूर्तीसमोर बसले होते. आखणीच्या वेळी शाळेत कुणी बोलत नाही. समोर कुणी उभं राहत नाही, सगळे दाजींच्या पाठीमागे. जनार्दन आला तोही चपला काढून आमच्या शेजारी येऊन उभा राहिला. शर्टाच्या खिशातून त्याने नोटा काढल्या आणि मावशीपुढे धरल्या.

"तुमचे घेऊचे नाय," मावशी अगदी हळू म्हणाली. "सुहासान कार्ड भरल्यान."

"खोटां."

मावशीने फोन दाखवला.

"तेका खूळ लागला की काय?" जनार्दन दातांतल्या दातांत म्हणाला. "माज्या फोनार रडत होतो तो. आणि परत तुमकाच दिल्यान? बघतंय मी. माज्यासमोर काय ता करा. एक रुपयो जास्त गेलो तर पोलिसात जातंय."

दाजींनी मागे न बघता डावा हात वर केला. आम्ही गप्प झालो.

आता मला जे दिसलं ते सांगताना अजूनही माझे शब्द अडतात. दाजींचा हात एरवी थरथरायचा. चहाचा कप बशीत वाजायचा. त्या दिवशी त्यांनी बारीक कुंचला काळ्या रंगात बुडवला, श्वास घेतला आणि तो हात हवेत थांबला. पूर्ण स्थिर. मग वरच्या पापणीची रेघ एका ओघात आली. दुसरी. मग खालच्या. बुबुळं. प्रत्येक रेघेनंतर ते श्वास सोडायचे आणि त्यांच्याबरोबर आम्हीही. शेवटी त्यांनी पांढऱ्या रंगाचा एक ठिपका उजव्या डोळ्यात ठेवला, एक डाव्यात. आणि घाईघाईने बाजूला झाले, वाटेतून दूर व्हावं तसे.

मूर्ती बघत होती. दुसरा शब्द मला सापडत नाही. क्षणापूर्वी ती माती होती आणि आता कुणीतरी त्या पडवीत आलं होतं. माझे हात आपोआप जोडले गेले, मी जोडले नाहीत.

जनार्दनने मात्र पाहिलंच नाही. तो पूर्ण वेळ मावशीच्या फोनवर नजर ठेवून होता. "हां, झाले डोळे. आता काय ता दाबा," तो म्हणाला.

मावशीने सुहासची खूण उघडली, रक्कम त्याला दाखवली आणि बोट टेकवलं. पडद्यावर एक चक्र फिरू लागलं. फिरत राहिलं. त्या गावात नेटवर्क म्हणजे नशिबाचा भाग. जनार्दन नाकातून हसला. मावशीचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. मला या कामाची सगळी माहिती होती, कुठल्या देशातून कुठे काय जातं ते नकाशा काढून सांगता आलं असतं. तरी मी त्या चक्राकडे एखाद्या अडाण्यासारखी बघत होते.

'मंजूर.'

मावशीने श्वास सोडला. जनार्दन काहीतरी बोलायला तोंड उघडणार तोच त्याचा स्वतःचा फोन वाजला. शारजा. त्याने स्पीकर चालू केला, आम्हाला ऐकवायलाच बहुधा.

"दादा!" सुहास ओरडत होता. मागे ट्रे नव्हते, सगळं थांबलेलं होतं. "दादा, डोळे उघडले! आपल्या गणपतीचे डोळे उघडले!"

"तुका कोणी सांगल्यान?"

"मेसेज इलो! पैशे कापले!" त्याचा आवाज फुटला. "आता, ह्या मिनटाक! माका सांगलेलां ना तेंनी, डोळे झाल्याबिगर कापूचे नाय म्हणान. कापले दादा! म्हणजे झाले डोळे! हंय सगळी पोरां उभी आसत माज्याबरोबर, हात जोडून. तू थंय आसस मां? कसो दिसता रे? माका सांग मरे, कसो दिसता?"

 समुद्रापलीकडे बेकरीत उभ्या असलेल्या भावाला जे कळलं होतं ते चार हातांवर उभं राहून जनार्दनने बघितलंही नव्हतं. त्याने मान वळवली आणि पहिल्यांदाच समोर पाहिलं.

"दादा? कसो दिसता?"

"बघता रे," जनार्दन म्हणाला. फोन धरलेला त्याचा हात खाली आला. "बघता. माज्याकडे बघता."

 फोनमधून शारजातल्या पोरांचा गलका येत होता, कुणीतरी 'मोरया' म्हणालं, मग सगळे म्हणाले. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मला लाज वाटत नव्हती. माझ्या टेबलावर रोज ढिगाने एकच तक्रार यायची, माझे पैसे का कापले. पैसे कापल्याच्या मेसेजसमोर हात जोडून उभी राहिलेली माणसं मी जन्मात पाहिली नव्हती. आमची ती निर्जीव खूण, दोन बँका, तारांतून गेलेली एक मागणी, आणि तिकडे निघालं ते दर्शन.

जनार्दनने डोळे पुसले. बाहेर जाऊन टेम्पोवाल्याशी काहीतरी बोलला आणि रिकामा टेम्पो उताराने परत गेल्याचा आवाज आला.

"चतुर्थीक येतंय," तो आत येऊन दाजींना म्हणाला. "मिरवत न्हेवचो तो, टेम्पोत असो एकलो नको." मग मावशीकडे वळून त्याने तिच्या पायांना हात लावला आणि निघून गेला. मावशी त्याच्याहून वयाने लहान होती. ती इतकी गोंधळली की तिने त्याला आशीर्वादसुद्धा दिला नाही.

दाजींनी पाणी मागितलं. मी तांब्या आणायला उठले, तोवर मावशीचा फोन वाजायला लागला होता. सुहासने तो मेसेज सगळ्यांना पाठवला असणार. एका मागोमाग एक, खूण आली, आणखी एक, आणखी एक. मस्कतची ती भडाभडा बोलणारी बाई, बहारीनचे सावंत, कुणाकुणाची नावंही मावशीला पटकन आठवेनात. आणि प्रत्येकाच्या खाली एकच प्रश्न. कुणी मराठीत लिहिलेला, कुणी इंग्रजी अक्षरांत, कुणाचा बोलून पाठवलेला.

मावशीने मस्कतच्या बाईचा निरोप मोठ्याने लावला. शाळेतल्या त्या सगळ्या बिनडोळ्यांच्या रांगेवरून तिचा आवाज गेला, अधीर आणि ओला:

"हेमावैनी, आमचे पैशे कदी कापतलास गो?"